कॉरिडॉरकडची खिडकी

नकाशा टेबलावर पसरला की ते आधी चपला काढायचे. मग बोट गेटावर ठेवून विचारायचे, "सरि, तंबी. आत येऊ?" सरि म्हणजे बरं, तंबी म्हणजे धाकटा भाऊ. चेन्नईत बसकंडक्टरही तंबी आणि आर्किटेक्टही तंबी, तेव्हा फार हुरळून जायचं कारण नव्हतं.

आमच्याकडे एक स्वतंत्र समिती आहे. बांधकामाआधी आराखडा तिच्यापुढे ठेवायचा आणि चार जाणत्यांची मतं निमूट ऐकायची. सरकारी परवानगी वेगळी. ही मंडळी फक्त पत्र देतात. पण काही मालक त्या पत्राशिवाय वीटही हलवत नाहीत, आणि माझा मालक नेमका त्यातला. अशा समितीत एक तरी माणूस असा असतो, की ज्याच्यामुळे सगळ्यांचा चहा गार होतो. तुम्हीही पाहिला असेल. आमच्याकडे ते होते.

निवृत्त इंजिनिअर. मराठी तंजावरचं, कैक पिढ्यांपूर्वी तिकडे जाऊन तिथेच मुरलेलं. माझं कोल्हापूरचं. मी "जेवलासा काय?" विचारलं की ते हसायचे, आणि ते "जेवण जाहले" म्हणाले की मी.

माझं काम होतं तिरुवल्लिकेणीतलं. तिथल्या अरुंद गल्ल्यांत जुनी 'मॅन्शन' आहेत. नाव भारी, पण आहेत ती एकट्या पुरुषांची लॉजिंगं. त्यातलं एक पाडून नवं बांधायचं होतं. चाळीस खोल्या, प्रत्येकीला एसी, स्वतंत्र संडास-बाथरूम आणि घट्ट बसणारं दार. माझं पहिलं स्वतःचं काम. त्याच्या जिवावर मी गिंडीतली नोकरी सोडली होती. पत्र मिळालं नाही तर मालक दुसरा आर्किटेक्ट बघणार आणि मी मान खाली घालून जुन्या साहेबाच्या दारात उभा राहणार, इतकं सरळ होतं.

त्यांचं बोट गेटातून शिरलं, जिना चढलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत थांबलं.

"मी येथे राहतो. दार लावून घेतले. ताप आला. पुढे?"

"पलंगाशी बेल दिलीय ना सर."

"बेल दाबावयास शुद्ध लागते, तंबी."

झालं. परत पाठवलं. पुढच्या खेपेला मी तळमजल्यावर आजाऱ्यांची खोली काढून नेली. ऐटीत नेली, खोटं कशाला बोलू. त्यांनी ती कौतुकानं पाहिली.

"तीन जिने उतरून येथे यावयाचे?"

"हो सर."

"मग तो आजारी नव्हे."

बाकीचे तिघे हसले. मी मनातल्या मनात कोल्हापुरी शिव्या मोजल्या. बाहेर येऊन त्यांना म्हणालो, "सर, पोटावर पाय देऊ नका. काय पाहिजे ते एकदा सांगून टाका."

ते पायरीवर बसले. मलाही बसवलं. तरुणपणी ते अशाच मॅन्शनमध्ये अकरा वर्षं राहिले होते. एकदा टायफॉइड झाला. समोरच्या खोलीतल्या तिरुनेलवेलीच्या कारकुनानं येता-जाता पाहिलं, डॉक्टर आणला, आठवडाभर रसम-भात भरवला. त्याचं नाव मात्र त्यांना आठवत नव्हतं.

"पंखा नव्हता, म्हणून दार उघडे. दार उघडे, म्हणून मी आहे," ते म्हणाले. "तू सर्व सुख दिलेस रे. पाहणारा तेवढा काढून टाकलास."

तोवर म्हातारा खोड काढतोय असंच मी धरून चाललो होतो.

रात्रंदिवस उघडी दारं आता कोण ठेवणार? मी प्रत्येक दाराशेजारी कॉरिडॉरकडे उघडणारी छोटी खिडकी काढली, पलंग दिसेल अशी. मालक उखडला. एसीची हवा जाईल, लोक डोकावतील, तक्रारी येतील. मी म्हटलं, "खिडकी नको असेल तर आर्किटेक्टही दुसरा बघा." जीभ घसरली खरी, पण परत घेतली नाही. मालक तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी त्यानं काचेचा रंग विचारला.

समितीचं पत्र आलं. त्यांच्या अक्षरात एवढंच होतं: "हरकत नाही. खिडकीस कडी आतून असावी. उघडावयाची की नाही, ते राहणाऱ्याने ठरवावे."

इमारत उभी राहिली, पुढची कामं आली. त्यांना मी फोनसुद्धा केला नाही. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

गेल्या पावसाळ्यात, म्हणजे दिवाळी झाल्यावर (चेन्नईत खरा पाऊस तेव्हाच), त्या मॅन्शनच्या मॅनेजरचा फोन आला. लातूरचा एक पोरगा, श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात शिफ्टला जाणारा, डेंग्यूनं खोलीत निपचित पडला होता. शेजारचा पहाटे कंपनीची बस धरायला निघाला आणि उघड्या खिडकीतून त्याला तो दिसला. बस सोडली, दार तोडलं, हॉस्पिटल गाठलं. पोरगा वाचला.

त्याच संध्याकाळी मी सरांच्या घरी गेलो. एकटेच राहायचे ते, नव्या कॉम्प्लेक्समध्ये, पाचव्या मजल्यावर. बेल वाजवली, पुन्हा वाजवली. शेवटी समोरच्या बाईंनी साखळी न काढता दार किलकिलं केलं. माझं तमिळ मोडकं, पण त्यांचं उत्तर कळण्याइतकं येतं.

"सर गेले. दीपावलीच्या आधीच."

"कसे?"

"ताप होता म्हणे. आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. फार शांत माणूस हो. कधी आवाजच नाही."

मला रडू आलं नाही, राग आला. बाईंचा, त्या गुळगुळीत बंद दारांचा आणि सगळ्यांत जास्त माझा. एक फोन करायला काय झालं होतं मला?

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "पोरगा वाचला, हे सांगायला आलो होतो."

"कोण पोरगा?"

मग मी त्या फटीतून सगळं पहिल्यापासून सांगू लागलो. मॅन्शन, टायफॉइड, रसम-भात, खिडकी. शब्द अडले तिथे हातवारे केले. मी अर्ध्यावर आलो असेन, तेव्हा बाईंनी दाराची साखळी काढली.