व्हर्लीनची साक्ष

बाल्टिमोरच्या पूर्वेकडच्या आमच्या गल्लीत व्हर्लीन गॅस्किन्स बायकांचे केस करायची. दुकान नव्हतं. स्वयंपाकघरातच गॅसवर लोखंडी कंगवा तापवायची आणि केस सरळ करायची. हात चालायचा तसं तोंडही. "मान हलवलीस तर कान भाजेल, मग देवाचं निम्मंच ऐकू येईल," असं पोरींना दटावायची.

कोकेनची पूड ती आधीपासून घ्यायची. शहरापलीकडे एका श्रीमंत बाईचे केस करायला जाई, तिथे शनिवारी पार्टी असे. नाकातून ओढायची, हसायची आणि सोमवारी पुन्हा कामाला लागायची. वाईटच ते, पण घर चालत होतं. मग आमच्या कोपऱ्यावर खडा आला. तीच पूड, पण शिजवून घट्ट केलेली. काचेच्या नळीतून धूर ओढायचा. मी हटकलं तेव्हा म्हणाली, "मिस ओडेसा, तेच आहे हो. नुसता आकार वेगळा."

तसं नव्हतं. पूड हळूहळू चढायची आणि रेंगाळायची. धूर एका दमात डोक्यात जाई आणि बघता बघता उतरे. उतरला की माणूस होतं त्याहून खाली जाई, म्हणून लगेच दुसरा झुरका. व्हर्लीन अर्धे केस झालेल्या बाईला खुर्चीत सोडून न्हाणीघरात जाऊन बसायची. बायका येईनाशा झाल्या. तिला खोकला लागला, छातीत कळा यायला लागल्या, चेहऱ्याची हाडं वर आली. लेक निशेल माझ्याकडेच जेवायची.

एक दिवस त्या श्रीमंत बाईच्या मुलाच्या गाडीत दोघंही पकडली गेली. व्हर्लीनच्या पर्समध्ये पुडीची एक छोटी पुरचुंडी सापडली. तिच्या बाजूनं लढायला कोर्टानं दिलेला वकील तरुण होता. तो व्हर्लीनला म्हणाला, "पूड आहे, थोडीच आहे, पहिलीच वेळ आहे. उपचाराला पाठवतील, मुलगी तुमच्याकडेच राहील. फक्त तोंड उघडू नका."

"देवासमोर पण?" तिनं विचारलं.

"देव त्या कोर्टात बसत नाही, बाई."

आमच्या चर्चमध्ये बुधवारी साक्ष असते. माणूस उभं राहतं आणि आपलं पाप सगळ्यांसमोर सांगतं. अर्धं झाकलं तर सुटका नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. व्हर्लीन तिथेच वाढलेली.

न्यायाधीशांनी विचारलं, "काही सांगायचंय?" ती उठली. कठडा घट्ट धरला.

"साहेब, पर्समधलं ते काहीच नाही. मी घरी ते शिजवते. कपाटात पिठाच्या डब्यामागे खडे आहेत. मला त्यातून सोडवा."

मागच्या बाकावरून आमच्यातलंच कोणीतरी चर्चमधल्या सवयीनं म्हणालं, "सांग गं, सांग!"

वकिलानं डोळे मिटून घेतले.

पोलीस घरी गेले. खडे पाच ग्रॅमच्या वर भरले. तेव्हाच्या कायद्यानं नुसती पूड बाळगली तर फार तर वर्षभर तुरुंग, पण खडा एवढा भरला की पाच वर्षं. त्यात न्यायाधीशांनाही सूट द्यायची मुभा नव्हती. तसं ते म्हणाले, आणि वर बघितलं नाही. त्या श्रीमंत पोराकडे पूडच होती. तो पुन्हा कॉलेजात गेला.

निशेलला माझ्याकडे ठेवावं म्हणून मी अर्ज केला. "तुम्ही नात्यातल्या नाही," असं सांगून मुलांचं बघणाऱ्या सरकारी कचेरीतली बाई तिला गाडीत बसवून घेऊन गेली. निशेलनं मागे वळून हात हलवला. दुपारी परत येणार असल्यासारखा.

तुरुंगात भेटायला गेले तेव्हा व्हर्लीन काचेपलीकडे बसली होती. अंगावर जरा मांस आलं होतं. फोन कानाला लावून ती म्हणाली, "मी खरंच सांगितलं ना, मिस ओडेसा?"

"खरंच सांगितलंस, बाळा."

"मग माझी निशेल कुठे आहे?"

मला माहीत नव्हतं. कोणी सांगतच नव्हतं. मी काचेवर हात ठेवला आणि मनात प्रार्थना सुरू केली, पण पुढचे शब्द आठवेनात.