हेझलने पाणी धरलं

थर्झा बीची हेझलच्या मागच्या खोलीत जन्मली. हेझल म्हणजे कालव्यावरची लाकडी जोडनाव. तिला इंजिन नाही, पुढची नाव तिला दोर बांधून ओढते. कालव्यावरची मालवाहतूक संपली तेव्हा आमच्या नावाड्यांतल्या पुष्कळांनी नावा सरपणाला दिल्या. थर्झाने दिली नाही. म्हातारपणीही ती हेझलमधून काठच्या गावांना कोळसा पोचवायची.

त्या वर्षी ब्रॉनस्टनच्या धक्क्यावर हेझल दुरुस्तीला वर काढली. फळ्या लवकर बदलून झाल्या. पण दारांवर आई काढायची तसेच गुलाब हवेत, म्हणून थर्झा एक पुसायची, दुसरा काढायची. तोवर उन्हाने लाकूड सुकलं आणि फळ्यांत फटी पडल्या.

"काढ अजून गुलाब," धाकटा भाऊ ईनक म्हणाला. "बुडताना शोभून दिसेल."

"तोंड आवर. तुझी बायको केक जाळते तेव्हा मी बोलते का?"

"केकात बसून कोणी कालव्यात जात नाही, थर्झा."

नावेच्या फासळ्या जुन्या होत्या. यंदा पाणी धरलं नाही, म्हणजे फटी मिटून गळती थांबली नाही, तर हेझल तोडायची, हे दोघांचं ठरलेलं होतं.

पाण्यात सोडताच हेझल भरू लागली. कोणी उपसलं नाही. आमच्यात तशी नाव उथळ पाण्यात बुडू देतात. लाकडाची तहान भागली की ते फुगतं आणि आपणहून तोंड मिटतं. नावेतली शेगडी, पितळी भांडी, जाळीच्या काठाच्या ताटल्या गवतावर मांडून थर्झा राखणीला बसली. रंगवलेल्या दारांकडे तिने पाहिलंही नाही.

आठवड्याने ईनकने पंप लावला. हेझल हळूहळू वर आली. मागच्या बाजूला मात्र एक फट झिरपत होती. ती बुजावी म्हणून ईनकने फावडंभर राख बाहेरून तिच्यालगत पाण्यात सोडली. आत शिरणाऱ्या पाण्याने ती फटीत ओढून घेतली.

थर्झा आत उतरली. गुडघ्यांवर बसून तिने तळावर हात ठेवला.

"ईनक, शेगडी आण."

"आधी सांग, धरलं का?"

"गळक्या नावेत कोणी शेगडी मांडतं का रे, मठ्ठ्या?"

ईनक काठावर मटकन बसला. टोपी काढून त्याने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"चहात साखर जास्त घाल," तो म्हणाला. "आणि ते गुलाब... बरे आलेत."