जमादारांचा अंगठा

जमादार वांगीसुद्धा नुसती डोळ्यांनी बघून घेत नसत. सोनपेठच्या बाजारात एकेक वांगं अंगठ्याने दाबत, मान कलती करत, मग पिशवीत टाकत नाहीतर परत ढिगावर. भाजीवाली वैतागायची, "जमादार, हितंच भरीत करता का?" "चांगली निवडून घेतो बाई, ऱ्हायलेली तुज्या नवऱ्याला घाल!"

पोलिसांच्या शस्त्रागारात रायफली दुरुस्त करणं हे त्यांचं काम. मी तिथला रायटर. नोंदवही आणि पत्रं माझ्याकडे.

रायफल हातात आली की ते नळीकडे बघतच नसत, आधी मॅगझिन काढत. पत्र्याच्या त्या डबीत गोळ्या एकावर एक बसतात. खालची स्प्रिंग त्यांना वर ढकलते आणि वरचे दोन वळलेले काठ गोळीला नेमक्या कोनात धरून ठेवतात. जमादार त्या काठांना ओठ म्हणत. आतली पट्टी अंगठ्याने दाबून सोडायची, स्प्रिंगचा आवाज ऐकायचा, मग ओठांवरून अंगठा फिरवायचा. "माय लेकराला घास कसा भरवती? तोंडाम्होरं धरून. घास वर-खाली झाला की ठसका. रायफलीचं तसंच हाय. नेम चुकला तर शिपायाचा दोष. ठसका लागला तर माजा."

ओठ फाकलेलं किंवा स्प्रिंग थकलेलं मॅगझिन सापडलं की बुडाला लाल रंगाचा ठिपका द्यायचे आणि माझ्याकडे सरकवायचे. "लिवणं तुजं, रायटर. अंगठा माजा, वही तुजी."

त्या वर्षी अशी पाच निघाली. मी ती वहीत घेतली नाहीत. बदली मॅगझिनांसाठी पत्र पाठवायचं होतं, तेही आज-उद्या करत राहिलं. तपासणी तोंडावर आली. पाच कमी दिसली असती तर जाब मला विचारला असता. मी रॉकेलचा बोळा घेतला, पाचही ठिपके पुसले आणि मॅगझिनं फळीवर चांगल्यांत लावून दिली. तपासणी झाली की परत ठिपके देऊ, असं ठरवलं होतं. साहेबांनी संख्या बघितली, शेरा चांगला दिला. ठिपके राहून गेले.

पुढच्या आठवड्यात जमादार लेकीकडे पाथरीला गेले होते. कैदी घेऊन जाणाऱ्या शिपायांना रायफली मी दिल्या. बालाजी नावाचा शिपाई होता, नुकतं लग्न झालेला. "रायटरसाहेब, जमादारांनी बघितलंय ना?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "बघितलंय." खोटं नव्हतं ते.

गंगाखेडच्या रस्त्यावर कैद्याच्या साथीदारांनी गाडी अडवली. बालाजीने एक गोळी हवेत झाडली. दुसरी मॅगझिनमधून वाकडी चढून रायफलीच्या तोंडातच अडकली. तो ती काढत असताना कत्तीचा घाव मानेवर बसला.

चौकशीत ते मॅगझिन टेबलावर ठेवलं होतं. जमादारांनी ओठांवरून अंगठा फिरवला. फार वेळ फिरवत राहिले. "फाकल्यात की वो. हे मी सोडलंच कसं?" साहेबांनी विचारलं, "म्हणजे चूक तुमची?" "माजीच. दुसऱ्या कुनाची असंल?" मी शेजारी बसून जबाब लिहीत होतो. अक्षर चांगलं आलं होतं. उरलेली चार मॅगझिनं मी त्याच आठवड्यात फळीवरून काढून पुन्हा लाल केली होती. तेव्हा मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

निलंबनातच त्यांची नोकरी संपली. खरं सांगायचं म्हणून मी तीनदा त्यांच्या गावी, सोनपेठला गेलो. तिसऱ्यांदा ते बाजारात भेटले. वांग्यांच्या ढिगासमोर हात मागे बांधून उभे होते. भाजीवाली म्हणाली, "घ्या की दाबून, जमादार." ते म्हणाले, "तूच घाल बाई. माज्या अंगठ्यावर भरोसा न्हाई ऱ्हायला." मग माझ्याकडे वळले. "काहून आलास रं?"

"सहज," मी म्हणालो.

गेल्या थंडीत ते गेले. दहाव्याला गेलो तेव्हा त्यांच्या बायकोने चहा दिला. म्हणाल्या, "भाऊ, झोपेतबी अंगठा चोळायचे. कुठं चुकलं, कुठं चुकलं म्हणायचे. तुमचं मातर लय नाव घ्यायचे. म्हणायचे, माजा अंगठा चुकला, रायटरची वही कदी चुकली न्हाई."

मी चहा पिऊन घेतला.