शेवट लांब आहे

कोरडे हे त्यांचं आडनाव नव्हतं. टेकड्यांवरच्या वायनऱ्या पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची मिनीबस ते उभं आयुष्य चालवत आले आणि एवढ्या वर्षांत वाइनचा एक थेंबही त्यांच्या जिभेला लागला नाही, म्हणून वायनरीच्या तळघरातल्या लोकांनी त्यांना कोरडेभाऊ म्हणायला सुरुवात केली. पाहुण्यांना ते आडनावच वाटायचं. "कोरडेसाहेब, जरा थांबता का, फोटो काढायचाय," असं कुणी म्हणालं की ते गाडी थांबवत आणि खरं नाव सांगायच्या भानगडीत पडत नसत. पुढे पुढे खुद्द बायकोसुद्धा रागावली की "काय हो कोरडे" म्हणू लागली.

गाडी चालवणाऱ्याने प्यायची नाही, हे तर उघडच होतं. पण कोरडेभाऊंच्या कोरडेपणाचं कारण गाडीच्याही आधीचं होतं. लग्न ठरलं तेव्हा मुलीने एकच अट घातली होती. तिच्या वडिलांनी दारूपायी घराची पार वाट लावली होती. संध्याकाळ झाली की आई आणि मुली दाराच्या कडीकडे कान लावून बसायच्या. कडी हळू वाजली तर हुश्श करायचं. धाडकन वाजली तर त्या दिवशी काही खरं नसायचं. "मला पुन्हा कडीकडे कान लावून बसायचं नाही," एवढंच ती म्हणाली होती. कोरडेभाऊंनी शब्द दिला आणि पाळला. पाळताना फार जड गेला असंही नाही. फक्त तिसऱ्या वायनरीच्या दारात उभं राहिलं की जरासा जड व्हायचा.

त्यांची फेरी ठरलेली असे. पहिली वायनरी मोठी, काचेच्या भिंतींची. तिथे स्टीलच्या उंच टाक्या होत्या आणि हसतमुख मुली माहिती सांगायच्या. दुसरीत बाग होती, झोपाळे होते, जेवण होतं. तिसरी टेकडीच्या कुशीत, अगदी लहान. खडकात खोदलेलं तळघर, लाकडी पिंपांच्या दोन रांगा आणि ते सगळं सांभाळणारे एक दादा. पहिल्या दोन ठिकाणी बडबड करणारे पाहुणे तिथे उतरले की आपोआप हळू बोलू लागत, घरात कुणी झोपलेलं असावं तसे.

कोरडेभाऊ तळघराच्या दारात वरच्या पायरीवर बसत. खालून गार, ओलसर हवा पायांवर येई आणि तिच्याबरोबर शब्द येत. कुणी म्हणे जर्दाळू. कुणी म्हणे मध, कुणी जुनं कातडं, कुणी ओला दगड. ही सगळी एकाच पेल्यात कशी मावतात याचा कोरडेभाऊ विचार करत बसत. मग त्यांनी मनातल्या मनात त्या चवीचं एक घरच बांधलं. पुढच्या खोलीत जर्दाळू वाळत घातलेले, मधल्या खोलीत मधाची बरणी, माजघराच्या कोपऱ्यात कातडी पट्ट्याची जुनी पेटी आणि मागचं दार उघडलं की सकाळच्या दवाने भिजलेली दगडी पायरी. दुपारच्या सुस्तीत डोळे अर्धे मिटले की ते त्या घरातून फिरून येत. तिथे त्यांना कधी कुणी हटकलं नाही.

याच पायरीवर त्यांची एक फजितीही झाली होती. अगदी सुरुवातीच्या दिवसांत खालून एक बाई म्हणताना त्यांनी ऐकलं, "शेवट फारच लांब आहे, नाही?" दुसरा म्हणाला, "हो ना, संपतच नाही!" कोरडेभाऊंना वाईट वाटलं. परतीचा रस्ता नदीकाठाने जायचा, वळणावळणाचा. पाहुणे कंटाळत असणार, उगाच का कुणी बोलेल? त्यांनी चौकशी करून दगडाच्या खाणीतून जाणारी आडवाट शोधली आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना तिकडून नेलं. गाडी अशी आदळत गेली की विकत घेतलेल्या बाटल्या लोकांनी तान्ह्या पोरांसारख्या मांडीवर घेतल्या. एका गृहस्थांची टोपी दोनदा छताला लागली. कोरडेभाऊ मात्र खूश. आठवडाभर त्यांनी तोच रस्ता धरला.

शेवटी तळघरातल्या दादांनी विचारलं, "भाऊ, पाहुणे म्हणतात तुम्ही त्यांना खाणीतून नेता. नदीवरचा पूल पडला का?"

"पूल आहे की. पण तुमच्याकडे येणारे तक्रार करतात, शेवट लांब आहे म्हणून."

दादा पिंपाला धरून इतके हसले की शेवटी त्यांना पाणी प्यावं लागलं. "अहो देवमाणसा! शेवट म्हणजे रस्ता नव्हे. घोट गिळून झाल्यावर तोंडात जी चव राहते, तिला म्हणतात शेवट. ती जितकी लांब, तितकी वाइन चांगली. ते माझं कौतुक करत होते आणि तुम्ही त्यांची हाडं खिळखिळी केलीत!"

त्या दिवसापासून कोरडेभाऊ नदीकाठानेच, आणि मुद्दाम सावकाश, गाडी नेऊ लागले. मागे पाहुणे पेंगत. उतरत्या उन्हात वेलींच्या सावल्या गाडीवरून सरकत जात आणि कोरडेभाऊंना वाटे, या सगळ्यांच्या तोंडात अजून ते घर असेल. कुणी मधल्या खोलीत पोचलं असेल, कुणी मागच्या दारात. धक्का लागता कामा नये.

यंदा संध्याकाळच्या वेळी एका वळणाची दोन वळणं दिसू लागली, तेव्हा त्यांनी स्वतःहून चाव्या सुनेच्या हातात दिल्या. तिने गाडी चालवायचा परवाना आधीच काढून ठेवला होता. घरात बसून महिना झाला असेल, तोच दादांचा निरोप आला. "वरच्या उतारावरच्या जुन्या वेली यंदा काढल्या. त्यांची वाइन आता एका पिंपात आहे तेवढीच. रविवारी या. वहिनींना आणा. पाहुणे म्हणून या, पायरीवर बसायला नको."

कोरडेभाऊ विचारात पडले. नाही घेतली, तर ती चव जगातूनच जाणार. घ्यायची, तर बायकोला विचारावं लागणार. नुसतं विचारणं म्हणजेसुद्धा तिला पुन्हा त्या कडीपाशी नेऊन बसवणं. त्यांनी दोन दिवस शब्द जुळवले आणि तिसऱ्या दिवशी चहा पिताना एवढंच म्हणाले, "दादांनी बोलावलंय. वायनरी बघायला."

"चला की," बायको म्हणाली. "इतकी वर्षं सगळ्या जगाला दाखवलीत. मला कुठे दाखवलीत?"

पुढचं विचारणं त्यांनी चहाबरोबर गिळून टाकलं. आपण नुसता वास घ्यायचा, त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

रविवारी ते पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीत मागे बसले. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय पुढच्या सीटवर दाबला जाई.

"बाबा," सून आरशात बघून म्हणाली, "तिथे ब्रेक नाहीये. माझी पाठ आहे."

"सवय गं."

"मग हॉर्नपण वाजवा तोंडाने. म्हणजे मला नुसतं बसून राहता येईल."

बायको खिडकीला नाक लावून हसली. मग कोरडेभाऊंनीही बाहेर पाहिलं आणि पाहतच राहिले. आजवर त्यांची नजर रस्त्यावर असायची. वेली म्हणजे डोळ्याच्या कडेला पळणारा हिरवा पट्टा, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आज त्या रांगा त्यांच्यासमोर पंख्यासारख्या उघडत होत्या आणि मिटत होत्या. रांग उघडली की टोकाला आभाळाचा एक तुकडा दिसायचा, मिटली की नाहीसा व्हायचा, पुढच्या रांगेत पुन्हा तोच. पानांवर दुपारचं सुस्त ऊन रेंगाळलं होतं. आपण जागे आहोत की कधीतरी पायरीवर लागलेली डुलकीच लांबली आहे, हे त्यांना क्षणभर कळेना.

"रोज हे बघायचात तुम्ही?" बायकोने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "आजच बघतोय."

तळघराच्या दाराशी ते सवयीने वरच्या पायरीवर बसायला गेले. दादांनी दंडाला धरून उठवलं. "आज खाली!" सून वरच थांबली. तिघं खाली उतरली. एकच पिवळा दिवा होता. पिंपं जनावरं बसावीत तशी अंधारात ओळीने बसलेली. दादांनी काचेच्या नळीने पिंपातून वाइन काढली, पेल्यात सोडली आणि पेला कोरडेभाऊंपुढे धरला. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि पेला हळूच पिंपावर ठेवला.

त्याच वेळी वरचं दार वाऱ्याने ढकललं आणि कडी खणकन वाजली.

बायकोने कोरडेभाऊंची बाही घट्ट धरली. त्यांना ती पकड कळली. "जाऊ या का वर?" ते म्हणाले. "बघून झालं माझं."

 ती बाही सोडून पुढे झाली, तिने दोन्ही हातांनी पेला उचलला आणि नाकाशी नेला. दादा पुतळ्यासारखे उभे. तिने डोळे मिटले, पुन्हा वास घेतला आणि नवऱ्याकडे वळली.

"अहो, हा तर तुमच्या शर्टाचा वास!"

"शर्टाचा?"

"नाहीतर काय. लग्न झाल्यावर सुरुवातीला रोज मी तुमचा शर्ट हुंगून बघायची. तुम्ही हातपाय धुवायला गेलात की कॉलर, बाह्या, सगळं. वाटायचं, एक ना एक दिवस सापडणार. तोंडाला कधी वास नसायचा. शर्टाला मात्र हा यायचा, ओलसर, गारसर. म्हटलं, दारूचा असा नसतो, हा कसला? मग भीती गेली, पण हुंगायचं काही सुटलं नाही." ती जरा थांबली. "महिना झाला, शर्टांना नुसता साबणाचा वास येतो. घरात करमत नाही मला."

 इतक्या वर्षांत कोरडेभाऊंना हे माहीत नव्हतं.

तिने पेला त्यांच्यापुढे धरला. "घ्या."

"अगं, शब्द दिलाय मी."

"मलाच दिलात ना? की दादांना? मग मीच सांगतेय. एक पेला घ्या. आणि घरी गेल्यावर कडी हळू लावा, म्हणजे झालं."

त्यांनी घोट घेतला. आंबट होता. जीभ आक्रसली, गालांच्या आतून कुणीतरी खरखरीत फडकं फिरवावं तसं झालं. त्यांनी घाईघाईने मनातल्या त्या घरात पाहिलं, तर पुढच्या खोलीत जर्दाळू नव्हते, मधली रिकामी, पेटी नाही, काही नाही. इतकी वर्षं आपण कुठे फिरत होतो? ओशाळून त्यांनी घोट गिळून टाकला.

"कशी आहे?" बायकोने विचारलं.

काहीतरी बरं बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कुठूनतरी मागचं दार हलकेच उघडावं तसं काहीतरी येत होतं. आधी छाटलेल्या काड्या जाळल्यावर दूरवरून येतो तसा धूर. मग पायांवर येणारी गार हवा. मग पायरी. तीच, ज्यावर ते उन्हाळे-हिवाळे बसले होते. चव आली तशी जाईना. ती नुसती त्यांच्याशेजारी बसून राहिली.

"अहो, कशी आहे?"

त्यांनी हात वर केला. "थांब गं. संपली नाही अजून."

दादांनी तोंड फिरवलं आणि एक पिंप उगाचच पुसायला घेतलं.

त्यांनी पेला संपवला आणि सगळे वर आले, तेव्हा ऊन कललं होतं. सुनेने गाडी सुरू केली. "बाबा, कुठून जायचं? खाणीकडून लवकर पोचू."

कोरडेभाऊ ओठ मिटून बसले होते. बोललं की चव सांडेल अशी त्यांना धास्ती होती. त्यांनी नुसती मान हलवली.

"नदीकडून घे," बायको म्हणाली, "आणि सावकाश. यांचा शेवट लांब आहे."

 वाटेत कोरडेभाऊंचा पाय एकदाही पुढच्या सीटवर दाबला गेला नाही. घराशी पोचल्यावर बायको पुढे होऊन स्वयंपाकघरात गेली. ते मागून आत आले, दार ओढलं आणि झोपलेल्या लेकराचा हात उचलून ठेवावा तशी कडी अलगद लावली.

आतून हाक आली, "अहो कोरडे! आत आलात की अजून बाहेरच आहात?"