चार स्टेशनांची माफी

“मुट्टबेड!” बाई कानडीत ओरडली. हात लावू नको.

सगळा डबा वळून बघायला लागला. बंगळूरची मेट्रो, जमिनीखालनं चाललेली, संध्याकाळची वेळ. माझी दोन बोटं अजून तिच्या पदराला होती. तिनं पदर हिसकला. मग पर्स उघडली आणि आतलं एकेक चाचपून बघितलं, माझ्यासमोर. मोबाईल, पाकीट, गॉगल. सगळं जागच्या जागी होतं. तरी तिनं पर्स पोटाशी घट्ट धरली आणि पाय आखडून घेतले.

मी चोर न्हाय. मी विणकर हाय. बेळगावात वडगावला आमच्या घरी हातमाग हाय, सासऱ्याच्याही आधीपासनं. लग्न होऊन आले तवापासनं मी त्याच्यावर बसते, एकोणीस वर्षं झाली. आणि त्या बाईच्या अंगावरची साडी मी विणलेली होती.

कशावरनं, ते सांगते. आमच्या साडीच्या काठात बारक्या फुलांची रांग असते, त्याला आम्ही बुट्टी म्हणतो. एकेक बुट्टी हातानं धागे उचलून भरायची. गेल्या दिवाळीच्या आधी एक दिवस लाईट गेलती. खिडकीच्या उजेडात बसले होते आणि एक बुट्टी उलटी भरली गेली. देठ वर, फूल खाली. ध्यानात आलं तवा वीतभर कापड पुढं गेलं होतं. उसवायचं म्हटलं तर ताण्याचे उभे धागे तुटतात, म्हणून ठेवली तशीच. शेठ, म्हणजे आम्हाला सूत देतो आणि विणलेल्या साड्या घेऊन जातो तो व्यापारी, त्यानं ती साडी उलगडली, बुट्टी बघितली आणि साडी माझ्या अंगावर फेकली. “डोळे फुटलेत काय गं? फरशी पुसायला न्हेतो ही.” दार उघडंच होतं, गल्लीभर ऐकू गेलं. मी खाली मान घातली. जाताना साडी मात्र घेऊन गेला.

आणि ती साडी आता माझ्या शेजारच्या सीटवर बसलेली. पदराचा काठ बाईच्या मांडीवरनं खाली आला होता. गाडी हलली आणि ती बुट्टी दिसली. देठ वर.

विणकरांची एक खोड असते. कापड दिसलं की उलटी बाजू बघायची. सुलटी काय, कुणीबी बघतंय. उलटीकडं गाठी असतात. धागा कुठं तुटला, कसा जोडला, हात हलका का जड, सगळं तिथं कळतं. आमच्या गल्लीत लग्नाला गेलं तर बायका आधी एकमेकींचा पदर उलटा करून बघतात आणि मग “कशी हाईस गं” म्हणतात. कुणाला त्यात वावगं वाटत न्हाय. माझाबी हात तसाच गेला. काठ चिमटीत धरला आणि उलटा केला. अनोळखी बाईच्या पदराला हात लावायचा नसतो, एवढी अक्कल मला हाय. चुकलंच माझं. पण चूक वेगळी आणि चोरी वेगळी.

शेठ समोरच्या सीटवर बसला होता. मी त्याच्याकडं बघितलं. वाटलं, हा आता सांगेल. मला बंगळूरला आणलं होतं त्यानंच. तीन दिवस प्रदर्शन होतं. मोठ्या हॉलमध्ये एक छोटा माग मांडलेला आणि त्याच्यावर मी, लोकांनी फोटो काढावेत म्हणून. घरात मी गाऊनवर ओढणी टाकून मागावर बसते. तिथं मला नऊवारी नेसवली, नथ घातली, रुपयाएवढं कुंकू लावलं. “बोलायचं न्हाय. हसायचं आणि विणायचं,” शेठनं बजावलं होतं. मागं पाटी होती, तिच्यावर शेठच्या दुकानाचं नाव. माझं नाव कुठं न्हवतं. माणसं येत होती, मागाला हात लावत होती, माझ्या खांद्याला खेटून फोटो काढत होती. तीन दिवसांत एकानं विचारलं न्हाय, बाई, तुझं नाव काय?

शेवटच्या दिवशी परतीची रेल्वे गाठायची होती आणि रस्ता तुंबलेला. शेठ म्हणाला, “चार स्टेशनं हाईत. मेट्रोनं जाऊ.” साडी बदलायलाबी वेळ मिळाला न्हाय. नथ तेवढी काढून पिशवीत टाकली.

तर मी शेठकडं बघितलं. तो उठला, त्या बाईपुढं वाकला आणि कानडीत म्हणाला, “सॉरी मॅडम. नम्म केलसदवळु.” आमची मोलकरीण हाय.

मग माझ्याकडं वळून मराठीत, दात आवळून, “माफी माग.”

“शेठ, ही साडी...”

“माग म्हणतो न्हवं? हात जोड.”

मी जोडले. खरंच जोडले. “तप्पायतु अम्मा,” म्हटलं. चुकलं आई. बाई माझ्यापेक्षा लहान असेल, तरी आई म्हटलं. तिनं माझ्याकडं बघितलंबी न्हाय, खिडकीकडं बघत नुसता हात हलवला, माशी हाकलावी तसा. खिडकीत तर काळोख होता, बघायला काय होतं तिथं? कानशिलं तापली होती. पहिलं स्टेशन आलं आणि गेलं.

बाईचा राग शेठच्या गोड बोलण्यानं उतरला. तिनं विचारलं, तुम्ही काय करता? शेठनं कार्ड काढून दिलं, हातमागाच्या साड्या. बाई खुलली. पदर पुढं घेऊन त्यालाच दाखवायला लागली. कानडी, इंग्लिश, सगळं मिसळून. ह्यात एक फूल उलटं हाय, बघा. दुकानवाल्यानं सांगितलं, मशीनला हे जमत न्हाय, अस्सल हाताच्या कामाची खूण हाय, म्हणून मी हीच निवडली.

शेठनं काठ बघितला. ओळखला. एकदा डोळ्याच्या कोपऱ्यातनं माझ्याकडं बघितलं. आणि म्हणाला, “आमचीच हाय मॅडम. आमचं डिझाईन. एक फूल मुद्दाम उलटं ठेवतो आम्ही.”

मुद्दाम.

माझ्या डोक्यात सणक गेली. माझ्या हातनं चुकलं तवा माझे डोळे फुटलेले. आणि त्याच चुकीला भाव आला तवा ती शेठची अक्कल. चुकायचा हक्कबी माझा ठेवला न्हाय ह्या माणसानं. मी उठले. गाडी हलत होती, वरचा दांडा धरला. आमच्या वडगावच्या कानडीत बोलले, बंगळूरवाल्यांना ती रांगडी वाटते, वाटू दे.

“अम्मा, ते फूल माझ्या हातनं चुकलेलं हाय. लाईट गेलती. ह्यांनी ती साडी माझ्या अंगावर फेकलेली, फरशी पुसायला न्हेतो म्हणून.”

“गप बस,” शेठ मराठीत म्हणाला.

“मी हात लावत न्हाय. तुम्हीच उलटा करा पदर. त्या फुलापासनं डावीकडं चार बोटं मोजा. निळा धागा तुटला होता. तिथं शेजारी शेजारी दोन गाठी हाईत. सगळे एक मारतात, मी दोन मारते.”

शेजारची माणसं वाकून बघायला लागली, म्हणून तिला पदर उलटा करावा लागला. बोटं मोजली. गाठी होत्या. दोन.

मला वाटलं, आता ही सॉरी म्हणेल. एक शब्द. तेवढा आला असता तर मी कदाचित खाली बसले असते आणि सगळं गिळून टाकलं असतं, खोटं कशाला बोलू. ती हसली. “वॉव,” म्हणाली आणि मोबाईल काढला. मला दंडाला धरून जवळ ओढायला लागली. एक सेल्फी. मघाशी हिला माझी बोटं चालत न्हवती.

शेठबी लगेच, “उभी ऱ्हा गं नीट. हस.”

“न्हाय,” मी म्हटलं. दंड सोडवून घेतला. “पदराला हात लावला, ते चुकलं. पण तुम्ही चोर समजून पर्स तपासलीत आणि त्यापायी मी हात जोडले. ती माफी मी परत घेते.”

एका पोरीनं कानात गाणी घातलेली, तिनं एका कानातलं काढलं आणि परत घातलं. बाई मोबाईल तसाच धरून बसली. चौथं स्टेशन, मॅजेस्टिक, आलं. आम्ही उतरलो.

रेल्वेत शेठ त्याच्या एसी डब्यात गेला, मी माझ्या.

त्याला आता तिसरा आठवडा. सूत बंद हाय. माग आमचा, पण सूत शेठचं, आणि दुसरा व्यापारी त्याला विचारल्याशिवाय आमच्या दारात येत न्हाय. मी दिवसभर दुसऱ्याच्या पॉवरलूमला सुताच्या कांड्या भरून देते. नवरा रिकाम्या मागाकडं बघतो आणि म्हणतो, “चार स्टेशनं तोंड आवरलं असतंस, तर काय बिघडलं असतं गं?” तो वाईट माणूस न्हाय. जन्मभर तोच माफ्या मागत आलाय, त्याला त्या दिसत न्हाईत. पण मला लई राग येतो, त्याचा, माझा, जोडल्या गेलेल्या हातांचा. ह्या रागाचं काय करू, ते कळत न्हाय.

काल शेठचा फोन आला. नवऱ्यानं स्पीकरवर टाकला.

“दुकानात ये. सगळ्यांसमोर चूक झाली म्हण. उद्या सूत पाठवतो.”

नवरा माझ्याकडं बघत होता. मी फोन हातात घेतला.

“शेठ, मी येणार न्हाय. कांड्या भरून जगीन. आणि हितनं पुढं जी साडी विणीन, तिच्यावर माझ्या नावाची चिठ्ठी असंल. चिठ्ठी काढून न्यायची असंल, तर ती साडी ह्या घरातनं भाईर जाणार न्हाय. तुमची असू दे न्हाय तर कुणाची.”

शेठ हसला. “तुझ्या नावाला कोण विचारतंय?”

“मी विचारतोय, असं समजा,” शेजारी बसलेला नवरा पुटपुटला. मग उठून भाईर गेला. मी फोन बंद केला आणि चिठ्ठीवर काय लिहायचं ते आमच्या पोरीच्या वहीच्या पाठीमागं लिहून काढलं. पूर्ण नाव. आडनावासकट.