कात्री लागू न दिलेले कागद

उदगीरात कुणाच्या घरी म्हातारं माणूस गेलं, की शिवलिंगप्पा तिसऱ्या दिवशीच दारात हजर. गेलेल्याचं अंथरूण, धोतरं गावाबाहेर टाकायला निघाली की हे आडवे यायचे. "गादी न्या, कपडे न्या. कागदाचं गाठोडं इकडं द्या!" शिव्या खायचे, पण गाठोडं घेऊनच उठायचे. किराणा दुकानदार माणूस. मिरचीच्या पोत्यांमागं निजामाच्या काळातली, मोडीत नाहीतर उर्दूत हातानं लिहिलेली खरेदीखतं आणि वाटणीपत्रं रचून ठेवलेली. मिरचीनं वाळवी लागत नाही म्हणे. वाळवीचं देव जाणे, आम्हाला मात्र शिंका यायच्या.

मी शेजारची वकील. एकदा बोलून गेले, "अप्पा, या कागदांना आता कोर्टात कोण विचारतंय?" झालं, उसळलेच!

"कोर्टाचं काय घेऊन बसलात, वकीलबाई? हे ऐका. भावानं भावाला विहीर दिली, अन् वर लिवून घेतलं, वहिनी पाण्याला आली तर तिला कुणी बोलायचं न्हाई. तुमच्या छापील कागदात हाय का असं?"



हैदराबादेहून एक व्यापारी यायचा. त्याला हवा होता फक्त माथ्यावरचा निजामी शिक्का. शौकीन लोक तो घेतात. शिक्का कात्रीनं कापायचा, खालचा मजकूर रद्दीत. अप्पांनी त्याला पायरीवरूनच हाकललं. "मुंडकं तुला अन् धड मला व्हय? खाटकाकडं जा!"

गेल्या वर्षी अप्पांनी अंथरूण धरलं. मुलगा लातूरला नोकरीला. दुकान काढून टाकायचं ठरलं आणि त्यानं कागदांसाठी त्याच व्यापाऱ्याला शब्द दिला. पोरगा वाईट नव्हता हो, त्याला त्यात कचराच दिसायचा. अप्पांना हे कळलं मात्र, ते उठून बसले. मला हाक मारून म्हणाले, "शाईचा पेन आणा."

मला वाटलं, मृत्युपत्र करतायत. कसलं काय! एकेक कागद मांडीवर घेऊन त्यांनी शिक्क्याच्या मधोमध सही सुरू केली आणि थेट मजकुरात ओढत नेली. कागदाजवळ चहाचा कप ठेवला म्हणून माझ्यावर ओरडणारा हा माणूस!

"अप्पा, किंमत जाईल ना!"

"जाऊ द्या की. किंमत गेली की कात्री बी जाईल."

कागद मी धरत होते, आणि मला रडू आवरत नव्हतं. मुलगा दारात येऊन थबकला. "अप्पा, काय करायलात हे?"

"सही करायलो. तुझ्या प्रगतिपुस्तकावर सुदिक एवढ्या हौसेनं केली नव्हती."

एका बैठकीत होणारं काम नव्हतं ते. रोज थोडं थोडं करत त्यांनी सगळा ढीग संपवला. व्यापारी आला, चार कागद चाळून तोंड वाकडं करून गेला. पुढच्याच आठवड्यात अप्पाही गेले. मुलानं स्वतः ते कागद माझ्या ऑफिसात आणून ठेवले.

परवा एक अशील त्यातला एक उचलून हळहळला, "बाई, चांगल्या कागदाचं कुणी वाटोळं केलं हो?"

म्हटलं, "केलं ना. म्हणून तर तो अख्खा तुमच्या हातात आहे."