विमलबाईंच्या घरचं पॅनल

भोसरीत एका शेडमध्ये चाकणच्या कंपन्यांसाठी मशिनची कंट्रोल पॅनल बनतात. पूनम तिथे वायरिंग करायची. मूळची औशाकडची, लग्न करून इकडे आली. नवरा शिफ्टला गेला की घर खायला उठायचं, म्हणून मदतनीस म्हणून कामाला लागली आणि तिचा हात बसत गेला. आता ती वायरींच्या जुड्या अशा बसवायची, की पॅनलचं दार उघडणाऱ्याला चापूनचोपून घातलेली वेणी पाहिल्यासारखं वाटावं. पण ड्रॉइंग नेहमी दुसऱ्याचं असायचं. कागदावर जसं असेल तसं जोडून ती मोकळी व्हायची.

शेडची जागा चऱ्होलीच्या दादासाहेबांची. ते गावात नवा बंगला बांधत होते. एकदा शेडवर आले, तेव्हा पूनमच्या टेबलाशी बराच वेळ उभे राहिले. मग तिच्या मालकांना, अर्जुनरावांना म्हणाले, "राव, असलं काही घरात बसवता येतं का? आमच्या आईसाठी विचारतोय."

त्यांच्या आईला, विमलबाईंना, फार वर्षांपूर्वी गोठ्यातल्या ओल्या बोर्डाचा झटका बसला होता. चार हात लांब फेकल्या गेल्या. तेव्हापासून त्यांनी बटणाला हात लावला नव्हता. घरात कुणी नसलं तर दिवेलागण होऊन गेली तरी अंधारात बसून राहायच्या.

"येतं की," अर्जुनराव म्हणाले. "भिंतीतल्या बटणाला फक्त चोवीस व्होल्ट द्यायचे, त्याचा झटका बसत नाही. बटण नुसता इशारा करणार. दिव्याची खरी वीज पॅनलमधला रिले, म्हणजे इशाऱ्यावर चालणारा आतला स्विच, जोडणार. तिथवर कुणाचा हात जातच नाही." आणि पूनमकडे वळून म्हणाले, "पूनमताई, हे तुम्ही आखा. ड्रॉइंगवाले दोघंही चाकणच्या ऑर्डरीत बुडालेत."

कोऱ्या कागदापुढे पूनम कधी बसलीच नव्हती.

रविवारी ती चऱ्होलीला गेली. घराला अजून गिलावा व्हायचा होता. दादासाहेबांच्या बायकोला, उत्कर्षाला, सगळं फोनवरून चालायला हवं होतं. पूनम म्हणाली, "फोनचं नंतर जोडू वहिनी, जागा ठेवते. पण फोन बंद पडला तरी बटण चाललं पाहिजे." उत्कर्षाला ते पटलं.

मग पूनमने विमलबाईंना हाताला धरून विटांच्या खोल्यांमधून फिरवलं. पहाटे उठल्यावर आधी कुठे जाता? देवघराचा दिवा कुठून लागायला हवा? कोण मागच्या दाराने येतं?

"घर बांधायला लागल्यापास्नं मला कुणी काय इचारलं न्हाई बग," म्हातारी म्हणाली. "पर बटणाचं मला सांगू नगंस. त्याला मी हात लावायची न्हाई."

कोणता दिवा कोणत्या बटणावर, कोणते दिवे एकदम लागायचे, हे ठरलं तसे रिले ठरले. पुढे दिवे वाढले तर म्हणून चार जास्तीचे धरले. बटणांच्या बारीक वायरींना वेगळा पाइप आणि दिव्यांच्या वायरींना वेगळा, हे तिने गवंड्याला उभं राहून करायला लावलं. पॅनल घराच्या मध्यावर आलं की वायर कमी लागते, म्हणून तिने मधली भिंत निवडली. भिंतीपलीकडे विमलबाईंचा पलंग येणार होता.

घोटाळा तिथेच झाला. रंगकाम आटोपलं, वास्तुशांतीचा मुहूर्त पुढचा असला तरी मंडळी राहायला आली, पॅनल चालू केलं, आणि दुपारी आडव्या झालेल्या विमलबाई ताडकन उठून बाहेर आल्या. "भितीत काय तरी हाय!"

रिले लागताना खट्ट वाजतो. कारखान्याच्या गदारोळात तो आवाज पूनमला कधी ऐकूच आला नव्हता. इथे मात्र कुणी न्हाणीचा दिवा लावला तरी म्हातारीच्या उशाशी खट्ट.

"चूक माझी आहे, साहेब," तिने अर्जुनरावांना सांगितलं. "पॅनल जिन्याखाली हलवावं लागेल."

"रंग झालेली भिंत फोडायची?" अर्जुनराव भडकले. दादासाहेबही दोन दिवस तोंड फिरवून होते. पूनमला जेवण जाईना. पण आईला झोप लागत नाही म्हटल्यावर दादासाहेबांनीच निरोप धाडला, फोडा म्हणून. जुन्या जागी एक जोडपेटी बसवून तिथून सगळ्या वायरी पुढे जिन्याखाली न्यायच्या ठरल्या.

त्या कामासाठी दोन-तीन रविवार पूनम तिथेच होती. एका दुपारी घरात दोघीच होत्या. पूनमने बटणाच्या वायरीचं उघडं टोक चिमटीत धरून दाखवलं. "बघा आजी, काही होत नाही."

"तुजा हात राबलेला हाय. माजं काय?"

पूनमने नाद सोडला आणि जिन्याखाली शिरली. थोड्या वेळाने तिचे दोन्ही हात बटणांच्या वायरींत अडकले. तपासायला बाहेर दुसरं माणूस हवं होतं. ती आतूनच ओरडली, "आजी, ओट्यापाशी जाऊन वरचं बटण दाबा ना! कुठला दिवा लागतो तेवढं सांगा!"

ओट्याकडे जाणारी सावकाश पावलं वाजली. मग रिले खट्ट वाजला.

"अगं ए पोरी," विमलबाईंचा आवाज आला, "बटान ओट्याचं, आन् उजेड न्हाणीत पडला की!"

दोन वायरींची अदलाबदल झाली होती. पूनमने ती नीट केली. "आता खालचं!" म्हातारी खोल्याखोल्यांतून फिरली, प्रत्येक बटण दाबून बरोबर-चूक सांगत राहिली. शेवटी जिन्याशी येऊन बसली आणि आपला हात उलटापालटा करून बघू लागली. चहा टाकू का, एवढंच पूनम म्हणाली.

"टाक. मला बिनसाखरेचा."

वास्तुशांतीला पूनम नवऱ्याला घेऊन गेली. पंगत बसली, पहिली पुरणपोळी पानात पडली आणि लाईट गेली. अख्खी पंगत वळून तिच्याकडे बघायला लागली.

"माझ्याकडं काय बघायलालाव?" तिच्या तोंडून थेट औशाची बोली निघाली. "समद्या आळीची गेलीय!"

विमलबाई हसल्या आणि तिच्या पोळीवर तुपाची धार धरली.